साडेतीन फुटी स्वारी लोहगडावर

आपल्या मध्यमवर्गीय घरात पाळणा हलला, की प्रवासाच्या वाटा दोनच उरतात. एक माहेरची आणि दुसरी कुलदैवताची. दोन्हीकडे गरम पाणी असतं, मऊ भात असतो आणि मूल रडलंच तर घ्यायला दहा हात पुढे येतात. तिसरी वाट डोंगराची. पण ती पाठीवर पिशव्या लटकावलेल्या कॉलेजातल्या मुलांसाठी राखून ठेवलेली आहे, असा आपला समज. "मूल जरा मोठं होऊ दे, मग जाऊ," असं म्हणत आपण थांबतो. मूल मोठं होतं, त्याची शाळा मोठी होते, शिकवण्या लागतात. आणि ते खरोखर डोंगर चढण्याजोगं होतं, तेव्हा त्याला आपल्याबरोबर यायचं नसतं नि आपल्या गुडघ्यांना त्याच्याबरोबर जायचं नसतं.

म्हणून सांगते, पुण्यामुंबईच्या माणसाने मूल लहान आहे तोवरच एक तरी गड चढावा, आणि पहिला गड लोहगड असावा. पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्टेशन गाठायचं. द्रुतगती महामार्ग ओलांडून भाजे गाव, आणि तिथून वळणं घेत घाट चढला की गडाच्या पायथ्याची लोहगडवाडी. वाडीपर्यंत आता गाडी जाते. वाडीपासून माथ्यापर्यंत दगडी पायऱ्या. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० फूट. पण भिऊन जाऊ नका, त्यातली बरीचशी उंची आपल्यासाठी आगगाडी आणि घाट आधीच चढून ठेवतात.

आता आमच्या घरातल्या स्वारीची ओळख करून द्यायला हवी. छकुली पाच वर्षांची. उंची साडेतीन फूट, प्रश्न दिवसाला साडेतीनशे. ही आठव्या महिन्यातच जगात आली. वजन पावणेदोन किलो. पहिले बावीस दिवस ती दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत होती आणि मी पेटीबाहेर स्टुलावर. तेविसाव्या दिवशी तिला घरी आणली. पेटी दवाखान्यातच राहिली. पण तिची एक अदृश्य प्रत आमच्याबरोबर घरी आली असावी. छकुलीला वारा लागत नसे, ऊन लागत नसे, जमीनदेखील बेताबेतानेच लागे. आजीने उचलावी, आजोबांनी उचलावी, आमच्या ह्यांनी तर खांद्यावरून उतरवूच नये. इमारतीला लिफ्ट असल्यामुळे जिन्याशी तिची ओळख दुरूनच. दोन वर्षं मी रात्री उठून अंधारात तिचे श्वास मोजत असे. पुढे ती सवय गेली. पण ताप आला, खोकला झाला, की बोटं आपोआप मोजू लागत.

पाचव्या वर्षी आमच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं. छाती स्वच्छ, वजन बरोबर, सगळं ठाकठीक. मी कागदावर काही लिहून मिळेल म्हणून थांबले होते. बाई म्हणाल्या, "हिला आता औषध नको. हिला पायऱ्या द्या."

तो शब्द ह्यांनी फारच मनावर घेतला. बाईंना आमच्या इमारतीच्या पायऱ्या म्हणायच्या होत्या. ह्यांच्या डोळ्यांपुढे लोहगडाच्या पायऱ्या आल्या.

सासूबाईंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्या वाती वळत होत्या. ऐकून घेतलं, आणखी चार वाती वळल्या आणि म्हणाल्या, "अगं, गडावर शत्रू जाऊ नये म्हणून तर तो गड असतो. तिथे पोर कशाला न्यायचं?" ह्याला उत्तर नव्हतं. मग त्यांनीच पहाटे उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा भरला, काकड्या धुऊन दिल्या आणि छकुलीच्या पिशवीत दोन स्वेटर कोंबले. आश्विनातल्या उन्हात ते दोन्ही स्वेटर मी दिवसभर वागवले.

निघण्याआधी आम्हां नवराबायकोत करार झाला. कलमं तीन. एक, वाटेत तिला उचलायचं नाही. दमली तर सगळ्यांनी बसायचं. दोन, ती नको म्हणाली तर तिथूनच मागे फिरायचं. तीन, मागे फिरलो तर त्याबद्दल कुणी कुणाला आयुष्यात कधी बोलायचं नाही. लग्नाला आठ वर्षं झाली असल्यामुळे तिसरं कलम मला सगळ्यांत कठीण वाटलं.

आम्ही मुद्दाम मधला वार धरला होता. पावसाळ्यात शनिवार-रविवारी ह्या पायऱ्यांवर इतकी गर्दी उसळते, की लहान मुलाला समोर माणसांच्या पिंढऱ्यांखेरीज दुसरं काही दिसू नये. आश्विनात पाऊस ओसरलेला असतो, पण डोंगराची अंगं अजून हिरवी असतात. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत अशी स्टेशनं मोजत छकुलीने मळवली ओळखलं आणि स्वतःच्या पायाने फलाटावर उतरली. भाज्यावरून जाताना डोंगरातली लेणी दिसतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात खोदलेली ती बौद्ध लेणी. एकेका कड्यातून अख्खी सभागृहं कोरून काढणाऱ्यांनी किती वर्षं तिथे छिन्न्या चालवल्या असतील, ह्याचा विचार करावा असं ठिकाण. परंतु पाच वर्षांच्या पायांत दिवसाला एकच चढण असते. लेणी पुढच्या खेपेसाठी राखून ठेवली.

वाडीला उतरून तिकीट काढलं. खिडकीवरच्या गृहस्थांनी छकुलीकडे पाहून "हिला लागत नाही" असं म्हणताच तिचा चेहरा उतरला. आपणच चढायचं आणि आपल्यालाच तिकीट नाही, हा अन्याय तिला पुढे दहा पायऱ्या पुरला.

पायऱ्यांचं म्हणाल, तर त्या मोठ्या माणसांच्या हिशेबाने घडवलेल्या आहेत. आपण सहज टाकतो ते पाऊल साडेतीन फुटी माणसाच्या गुडघ्यापर्यंत येतं. छकुली दोन्ही हात पायरीवर टेकून, एक गुडघा वर घेऊन, मग उभी राहून, अशी प्रत्येक पायरी एखादा स्वतंत्र डोंगर असल्यासारखी चढत होती. तिला शंभरपर्यंत मोजता येतं. शंभर झाले की पुन्हा एकपासून. त्यामुळे लोहगडाला एकूण पायऱ्या किती, असं तिला विचारलंत तर उत्तर "शंभर" असंच मिळेल.

मुलाच्या चालीने चढू लागलं की गड लांबतो. जाणती मंडळी अर्ध्यापाऊण तासात वर जातात. आम्हांला दोन तास लागले. पण त्या दोन तासांत आम्ही काय पाहिलं नाही? दगडाच्या फटीत बसलेला, नांग्या उगारलेला बोटभर खेकडा पाहिला. कातळावरून अजून झिरपणारं पाणी कुठून येतं, ते बोट लावून शोधलं. सोनकीची पिवळी फुलं आणि तेरड्याची जांभळट फुलं पाहिली. पाण्याच्या डबक्यावर एकाच जागी थरथरत राहिलेला चतुर पाहिला. मी कॉलेजात असताना हाच गड मैत्रिणींबरोबर धावत चढले होते. तेव्हाचं मला फक्त माथ्यावरचं वारं आठवतं.

लोहगडाला एकापाठोपाठ एक चार दरवाजे आहेत: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. त्यांच्यामधली वाट सरळ जात नाही. ती नागासारखी वळणं घेते आणि सारा वेळ वरच्या तटाच्या नजरेखाली राहते. बोरघाटातून कोकणात उतरणारी वाट ह्या डोंगरांच्या टापूतली, म्हणून ह्या गडाला फार जुन्या काळापासून मोल. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, शिवाजी महाराजांना जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत लोहगड होता. १६७० मध्ये तो स्वराज्यात परत आला. पुढे पेशवाईत नाना फडणविसांनी इथे बरंच बांधकाम केलं. आणि आता २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले, त्यांत रायगड, राजगड, प्रतापगड ह्यांच्या पंगतीला आपला लोहगडही बसला. बारांपैकी अकरा महाराष्ट्रात, नि बारावा तमिळनाडूतला जिंजी.

हे सगळं ह्यांनी छकुलीला गोष्टीसारखं सांगितलं. शत्रू आला तर त्याला वळणावळणाने यावं लागतं, धावता येत नाही, आणि वरच्या मावळ्यांना तो पावलापावलाला दिसत राहतो. छकुलीने तटाकडे मान उंच करून पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे गडाला भीती वाटते?"

"भीती नाही गं," हे म्हणाले. "काळजी घेतो तो."

तिने मान डोलावली आणि पुढली पायरी चढली. मी मात्र दोन पायऱ्या मागे राहिले.

तिसऱ्या दरवाज्याच्या अलीकडे ती बसली. एकदम बसली, खेळण्यातली किल्ली संपावी तशी. तोंड लाल, केस कपाळाला चिकटलेले, आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. हे वाकले, दोन्ही हात पुढे झाले. करारातलं पहिलं कलम त्या हातांना आठवलं असावं. ते तसेच हवेत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याशेजारी बसले, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि किती दिवसांनी कोण जाणे, माझी बोटं श्वास मोजू लागली.

तिथेच भिंतीच्या सावलीला एक बाई ताक आणि काकड्या घेऊन बसली होती. वाडीतलीच. तिच्याजवळ छकुलीएवढीच तिची मुलगी, पायांत चप्पल नाही, हातात काकडीचा तुकडा. बाईने आम्हां तिघांकडे एकदा पाहिलं, आणि न विचारताच तिला सगळं कळलं.

"बसू द्या की तिला, ताई," ती म्हणाली. "गड काय कुटं पळून जात न्हाई."

"दम लागलाय हो तिला," मी म्हटलं.

"मग लागंल न्हाई तर काय! माझ्या पोरीला बी लागतो. लागला की बसती, उतरला की पळती."

मी मोजत राहिले. पहिले श्वास फार जलद होते. मग थोडे सावकाश झाले. मग आणखी सावकाश. त्या काचेच्या पेटीबाहेर बसून मी जे श्वास मोजले होते, ते असे नव्हते. ते कधी अडत, कधी विसरल्यासारखे थांबत, आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत माझाही श्वास थांबलेला असे. हे श्वास अडत नव्हते. चढून आलेल्या, दमलेल्या, धडधाकट मुलाचे ते श्वास होते. त्यांना फक्त वेळ हवा होता. बोटं एका ठिकाणी थांबली. मोजण्याजोगं काही उरलं नव्हतं.

एवढ्यात ती वाडीतली मुलगी उठून आमच्यापुढे आली. तिने काकडीचा उरलेला तुकडा छकुलीपुढे धरला. छकुलीने माझ्याकडे पाहिलं. एरवी आमच्याकडे काकडी मिठाच्या पाण्यात धुऊन, सोलून, तिच्यासाठी केलेल्या ताटलीत येते. मी मान हलवली. तिने तो तुकडा खाल्ला. "तिकडं माकडाचं पिल्लू हाय," ती मुलगी म्हणाली आणि चालू लागली. छकुली उठली, तिचा हात धरला, आणि दोघी पुढल्या दरवाज्याच्या वळणावर दिसेनाशा झाल्या.

"जाऊ द्या," बाई ताक ओतत म्हणाली. "तिला समदी वाट ठावी हाय. दोन्ही अंगाला भिताडं हायेत तिथं."

आम्ही ताक प्यायलो. दोन वाट्या ताक प्यायला जितका वेळ लागतो, तितका वेळ छकुली आमच्यापैकी कुणाच्याही नजरेत नव्हती. पाच वर्षांत पहिल्यांदाच. ताक आंबट होतं की गोड, ते मला आजही सांगता येणार नाही. वळण ओलांडून वर गेलो, तर दोघी तटाच्या कोनाड्यात बसून माकडाच्या पिलाला नाव काय ठेवावं ह्यावर भांडत होत्या.

माथ्यावर वारा असतो. महादरवाज्यातून बाहेर आलं की तो अंगावर येतो आणि मूल असो वा मोठा माणूस, प्रत्येकाला एकदा मोठ्याने ओरडावंसं वाटतं. आम्ही ओरडलो. मग गवतातून चालत तळ्यांकडे गेलो. इथलं एक तळं सोळा कोनांचं आहे. त्याचे कोपरे मोजताना छकुली आणि तिची मैत्रीण तीनदा चुकल्या, कारण सुरुवात कुठून केली हे दोघींनाही आठवत नव्हतं. शेवटी छकुलीने पहिल्या कोपऱ्यावर आपली चप्पल काढून ठेवली आणि हिशेब जुळला. पूर्वेला विसापूर दिसतो, लोहगडाचा जुळा भाऊ, पण उंचीने थोडा अधिक. १८१८ साली इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि मग लोहगडही त्यांच्या हाती पडला. दक्षिणेला पवनेच्या धरणाचं पाणी आणि त्याच्या काठाला तुंग नि तिकोना. दशम्यांचा डबा तिथेच उघडला. डब्यात दशम्या बारा होत्या. खाणाऱ्या मंडळींत दोन माकडंही धरली, तर हिशेब बरोबर लागतो.

गडाचं खरं आकर्षण म्हणजे विंचूकाटा. माथ्यापासून डोंगराची एक लांबच लांब सोंड वायव्येकडे गेली आहे. सुमारे दीड किलोमीटर लांबीची ही माची, दोन्ही बाजूंना तट आणि टोकाला नांगीसारखा बुरूज. नाव ऐकल्यावर "चावेल का?" हा प्रश्न आलाच. ह्यांची फार इच्छा होती टोकापर्यंत जायची. पण माचीवर उतरायला आधी कातळाचा एक अवघड टप्पा आहे. त्या दिवशी वारा जोराचा, दगड ओलसर, आणि तिथे दोन्ही अंगांना भिंती नव्हत्या. छकुली आता तयार होती. गडाने तिला चांगलाच धीर दिला होता. ती म्हणाली, "मी जाते." मी तिचा हात घट्ट धरला आणि नाही म्हटलं. आम्ही काठापासून मागे, सुरक्षित जागी बसून विंचूकाटा डोळे भरून पाहिला आणि परत फिरलो.

तासाभरापूर्वी तो हात मी वळणापलीकडे जाऊ दिला होता आणि आता घट्ट धरला होता. दोन्ही वेळी मी तीच आई होते. फरक भिंतींचा होता. तट बांधणारे लोक भित्रे असते तर ते ह्या कड्यावर राहायलाच आले नसते. जिथे कडा आपणच राखण करत होता तिथे त्यांनी दगड वाया घालवला नाही; जिथे वाट होती तिथे दरवाजे घातले, आणि आत बिनघोर राहिले. आपण आईबाप मात्र सगळीकडेच तट बांधत सुटतो, मग खरा कडा कोणता ते मुलालाही कळत नाही आणि आपल्यालाही. मूल घेऊन गड चढणाऱ्याने एवढं एक शिकावं: हात कुठे सोडायचा आणि कुठे धरायचा.

बाकी शिकण्यासारखं किरकोळ बरंच आहे, तेही सांगून टाकते. पाणी घरून न्यावं. सकाळी लवकर चढावं. भर पावसात आणि सुटीच्या गर्दीत लहान मुलाला नेऊ नये. खाण्याचा डबा हातात उघडा धरून चालू नये, माकडं टपलेली असतात. आणि उतरताना अधिक वेळ हाताशी ठेवावा, कारण चढताना मूल पायरी पाहतं, उतरताना दरी पाहतं. छकुलीने उतरण्याची स्वतःची रीत काढली. बसायचं, घसरायचं, उभं राहायचं. फ्रॉकचं मागचं अंग गडाला अर्पण झालं.

परतीच्या लोकलमध्ये वडगाव यायच्या आत ती झोपली. पुण्याला उतरल्यावर ह्यांनी तिला खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. झोपलेल्या माणसाला उचलू नये असं कलम आमच्या करारात नव्हतं. दारात सासूबाई उभ्याच होत्या. त्यांनी आधी तिच्या कपाळाला हात लावला, मग तळपायांना. तळव्यांवर दोन ठिकाणी कातडी जाड झाली होती. त्या तळव्यांवरून त्या कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या, पण बोलल्या काहीच नाहीत. रात्री तेल कोमट करून आणलं.

पुढे महिन्याभराने दिवाळी आली आणि इमारतीच्या आवारात मुलांनी मातीचा किल्ला केला. दरवर्षी आमची छकुली गॅलरीतून पाहायची. यंदा कोपरापर्यंत चिखलात होती. मोठ्या मुलांनी सिंहासनावर महाराज बसवले, बुरुजांवर मावळे उभे केले, अळीव पेरून हिरवळ आणली. छकुलीच्या वाट्याला उरलेली एकच मूर्ती आली, डोक्यावर मडकं घेतलेली गवळण. गवळण गडावर कुठे ठेवायची, म्हणून मुलं हसू लागली. तिने मात्र जराही विचार केला नाही. तिसऱ्या दरवाज्याशेजारी भिंतीच्या सावलीला थोडी जागा सारखी केली, गवळणीला तिथे बसवलं, आणि तिच्यासमोर आगपेटीचं एक टोपण उपडं ठेवलं. दमलेल्या माणसाला बसता यावं म्हणून.